आम्ही डिंक, मैत्रिणी डिंकाचे लाडू

फेरीबोट

वय ३७, लग्नाला ११ वर्षं झाली, मूल नाही. नाही म्हणजे नकोच आहे, दोघांनाही, आणि ते लग्नाआधीच ठरलं होतं. आधी सांगून टाकते, कारण अशा धाग्यावर पाचव्या प्रतिसादात कुणीतरी हमखास डॉक्टरचा पत्ता देतं.

नातेवाइकांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची सवय झालीय. सासर पेडणे तालुक्यातलं. चवथीला आरत्या झाल्या की चुलत सासरे गणपतीसमोर गाऱ्हाणं घालतात. यंदाही माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) सगळं घर दाटीवाटीने उभं होतं. नोकऱ्या, परीक्षा, कुणाचा तरी गुडघा असं सगळं मागून झालं आणि मग आमचा नंबर आला: "पुढच्या चवथीक ह्या घरात पाळणो हलू दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा. मागून विचारलं तर म्हणतो, "एकटा गप्प राहिलो असतो तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं." त्यानंतर आम्ही खतखतें आणि वडे यथेच्छ जेवलो. म्हणजे तो भाग ठीक चाललाय.

अडतंय ते पणजीत. आम्ही पाच जणी कॉलेजपासूनच्या. रविवारी सकाळी रायबंदरहून फेरीने चोडणला जायचं, पक्षी अभयारण्याच्या कडेने खारफुटीतून चालायचं, परत येऊन पणजीत पातळ भाजी, सुकी भाजी, बन आणि एक मिरची. दहा-बारा वर्षं हा क्रम सुटला नाही. आता चौघी आया झाल्यात. पहिली लॉकडाऊनच्या वर्षी, शेवटची या जूनमध्ये. ग्रुपचं नाव अजून 'रविवार' आहे, पण आत लसीकरणाचे तक्ते आणि "झोपला का?" एवढंच. मी मधूनच खंड्याचा फोटो टाकते. दोन अंगठे येतात.

शेवटची जी, तिच्याबरोबर मी दर नोव्हेंबरला इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) करायचे. २००४ पासून इफ्फी गोव्यात आहे आणि आम्ही कॉलेजात असल्यापासून रांगेत आहोत. एका दिवसात चार सिनेमे, मध्ये मांडवीच्या कठड्यावर बसून डब्यातला शिरा. गेल्या वर्षी तिला पहिले तीन महिने चालू होते आणि पॉपकॉर्नच्या वासानेच उलटी यायची. मी नवऱ्याला नेलं. तो इराणी सिनेमात झोपला, घोरलासुद्धा.

तर जुलैत मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले. ऑफिसात एक जण आम्हाला 'डिंक' म्हणतो, डबल इन्कम नो किड्स. म्हटलं, डिंकांनीच बाळंतिणीला डिंक पोचवावा. डिंक तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो, पण मी पहिला घाणा मोठ्या आचेवर टाकला आणि तो वरून फुलून आत खडा राहिला. खारीक, खोबरं, खसखस, गूळ, सगळं नीट जमलं होतं. तिने पहिलाच लाडू तोंडात घातला आणि कर्रर्र. "दात पाडतेस काय गे माझा?" आम्ही दोघी हसत सुटलो, अगदी पूर्वीसारख्या. तेवढ्यात आतून रडणं आलं. ती आत गेली ती चाळीस मिनिटं. मी हॉलमध्ये तिच्या सासूबाईंसोबत मुका टीव्ही बघत बसले.

मग सासूबाईंनी बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "घे, मांडीवर घेतलं की आपोआप वाटायला लागतं." घेतलं. गरम होतं, वजनाला पपईएवढं. मला बघून शिंकलं. छान वाटलं. परत दिलं.

मला सांगायचंय ते इथून पुढे. घरी येऊन मी आईला फोनवर म्हटलं की मला एकटं एकटं वाटतंय. आई म्हणाली, "बघ, वाटायला लागलं ना?" बहीण म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "दत्तक घ्या." मी म्हणतेय एक आणि सगळे ऐकतायत दुसरंच. अहो, मला मूल नकोय, मला माझी मैत्रीण हवीय! तिची आठवण येते असं म्हटलं की माझा निर्णय चुकला याचा पुरावा म्हणून ते नोंदवलं जातं. मग मी म्हणणंच सोडून दिलं.

ज्यांना मुलं नाहीत (नकोत म्हणून), त्यांनी मैत्र्या कशा टिकवल्या? आणि ज्यांना आहेत त्यांनीही सांगा, आम्ही तुम्हाला नको होतो का?

खुबे-तिसऱ्या

शीर्षकाला शंभर पैकी शंभर. 'व्हय म्हाराजा'ला नवऱ्याचे वेगळे पन्नास.

सडेतोड

राग मानू नका, पण हे सगळं हातपाय चालतात तोवर. साठीनंतर कोण बघणार? आणि गोव्यात आपली माणसं आधीच कमी होत चाललीत. शिकल्यासवरल्या लोकांनी असं ठरवलं तर गावातली घरं कुलपं लावूनच ठेवायची. इफ्फी काय दरवर्षी असतोच.

कुळागर

@सडेतोड, कुलपं आधीच लागलीत, त्यात फेरीबोट यांचा हात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्याचा प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.३ आला. देशाचा २.०, आणि लोकसंख्या आहे तेवढी टिकायला साधारण २.१ लागतो. मुळीच मूल नको म्हणणारी मूठभर जोडपी त्यात कितीशी भर घालणार? खरी भर त्यांची, जे एकावर थांबले, आणि त्यात मीही आलो. फोंड्याला आमच्या वाड्यावर नऊ घरं, त्यात शाळेत जाणारी पोरं पाच. सुपारी काढायला माणूस मिळत नाही ते वेगळंच, पण सुपारी काढायला म्हणून कोणी मूल जन्माला घालत नाही.

आणि हे 'आजकालचं खूळ' वगैरे म्हणायच्या आधी र. धों. कर्वे आठवा. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. स्वतः आणि पत्नी मालतीबाई दोघांनी मूल नको असं ठरवलं होतं आणि नसबंदी कर्व्यांनी स्वतःची करून घेतली होती. शंभर वर्षं होऊन गेली. मराठीत हा विषय तुमच्या-माझ्या आजोबांपेक्षा जुना आहे.

दोघांची आई

मी दुसऱ्या बाजूची. दोन मुलगे, ६ आणि ३. थोडं स्पष्ट लिहिते, फेरीबोट.

तू विचारलंस, आम्ही नको होतो का. माझ्या बाबतीत उलट झालं. थोरला झाला आणि माझ्या बिनमुलांच्या मैत्रिणींनी 'ती बिझी असेल' असं परस्पर ठरवून टाकलं. कोणी दार आपटलं नाही की भांडण झालं नाही, फक्त फोन बंद झाले. मग एका रात्री दोन वाजता, दूध पाजताना, त्यांचे दिवाडीच्या फेरीतले फोटो बघितले. सगळ्या होत्या. मला बोलावलं असतं तरी गेले नसते, टाक्यांना जेमतेम महिना झाला होता. तरी अर्धा तास रडले. पोरगा दूध पिऊन झोपला तरी माझं चालूच.

म्हणून सांगते. तू संध्याकाळी किंवा रात्री नऊला फोन करत असशील. नऊला फोन म्हणजे वैऱ्याचं काम. झोपवायची वेळ असते ती, आणि तुझ्या रिंगने जागं झालेलं पोर तू येऊन झोपवणार आहेस का? दुपारी दीडला कर, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत असते आणि बोलायला कुणी नसतं. 'कॅफेत भेटूया' म्हणू नकोस. तिला काय घालायचं इथपासून प्रश्न आहे, एकही जुना ब्लाउज चढत नाही. घरी जा. जाताना बांगडे ने, आणि साफ करून ने, नाहीतर तिचं काम वाढवशील. आणि ती आत गेली की हॉलमध्ये मुका टीव्ही बघत काय बसलीस? आत जायचंस मागोमाग! पलंगाच्या कडेला बसून बोलायचंस. तिला उघडं बघून तुला लाज वाटली असेल, तिची ती सहा आठवड्यांपूर्वीच संपली.

लाडू मात्र भारी काम केलंस. मला कुणी आणले नव्हते.

फेरीबोट

@दोघांची आई, नऊलाच करायचे फोन. आणि आत जायला हवं हे खरंच डोक्यात आलं नाही. मला वाटलं मी तिला मोकळीक देतेय.

हळदीचं पान

लिहू की नको करत होते. माझंही लग्न होऊन ९ वर्षं झालीत, मूल नाही. पण आमचं ठरवलेलं नाही. तीन वेळा आयव्हीएफ झालं. या धाग्याचं शीर्षक बघितल्यावर आधी पानच बंद केलं. तुम्ही 'व्हय म्हाराजा'वर हसू शकता. आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की मी पातोळ्या बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाते. दोन वर्षांपूर्वी एक ताई मला म्हणाली, "तुम्हा आजकालच्या मुलींना जबाबदारी नको." तुमच्यासारख्यांमुळे आम्हाला हे ऐकावं लागतं असं वाटलं होतं. आता लिहिताना कळतंय की तिने आपल्या दोघींना एकाच काठीने हाणलं. तरी टोचलं ते टोचलंच.

मैत्रिणींचं मात्र जसंच्या तसं. बारशाला बोलावतात आणि मग ओटी भरायची वेळ आली की कोणीतरी हळूच बाजूला घेतं.

फेरीबोट

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. हसत लिहिण्याच्या भरात गेले. शीर्षक बदलायला सांगू का संपादकांना? आणि ओटीच्या वेळी बाजूला घेणाऱ्यांचं मी इथे लिहिलं तर प्रतिसाद उडेल.

हळदीचं पान

राहू द्या शीर्षक. लाडू कशाला वाया घालवायचे.

पेडण्याचा पाव्हणा

बाप्यांपैकी कोणी बोलत नाहीये म्हणून मी. वय ३९, मूल नको, बायकोलाही नको. तिने सहा वर्षं तांबी (कॉपर-टी) वापरली, पाळीचा त्रास व्हायचा. (तांबी ३८०ए दहा वर्षं चालते, तिचं शरीर चालवून घेईल तर.) म्हटलं, आता माझी पाळी. बिनटाक्याची पुरुष नसबंदी म्हणजे जागेवर भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांचं काम. गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, शून्य. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, बायकोला घेऊन या, आईवडिलांशी बोला, पाच वर्षांनी या.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. सरकारी निकषांत जोडप्याला वर्षाच्या वरचं किमान एक मूल हवं असं आहे, वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. बायकोची सही मात्र त्यात लागत नाही! ३९ वर्षांच्या बाप्याला आईवडिलांची परवानगी लागते हे तर कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी दुसरीकडे, खाजगीत, दोन वेळा समुपदेशन करून झालं. शुक्रवारी केली, सोमवारी कामावर. एक सांगून ठेवतो, त्याच दिवसापासून सुटलात असं नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून खात्री करायची. हा भाग पुरुष विसरतात आणि मग पेढे वाटतात.

मित्रांचं म्हणाल तर आमच्यात बोलत कोणीच नाही. मुलं झालेले मित्र फुटबॉलला यायचे बंद झाले, आम्ही नवे घेतले. फेरीबोट यांचं वाचून पहिल्यांदा वाटलं की त्यातल्या एकाला तरी फोन करायला हवा होता.

सहीशिक्का

वकिलीतलं थोडं, कारण मूल नसलेली गोव्यातली जोडपी एका गोष्टीत गाफील असतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे संपत्ती सामाईक. अर्धी तुझी, अर्धी त्याची, कमावली कोणीही असो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण उरलेल्या अर्ध्याचं पूर्ण मृत्युपत्र करता येईलच असं नाही. मुलं नसतील आणि आईवडील हयात असतील तर त्यांचा राखीव वाटा असतो. आणि मृत्युपत्रच केलं नाही तर भावंडं, पुतणे, भाचे यांचा प्रश्न उभा राहतो. ज्या ताळगावच्या फ्लॅटचे हप्ते दोघांनी फेडले, तिथे एका दुपारी दीर कागद घेऊन येतो. असं मी एकदाच नाही पाहिलेलं. दोघांनी वेळेत जाऊन विशेष नोटरीसमोर मृत्युपत्र करा.

@सडेतोड, म्हातारपणाचं म्हणाल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अपत्य नसलेल्यांचाही विचार आहे. जो नातेवाईक त्यांची मालमत्ता वापरतोय किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, त्याच्याकडून चरितार्थ मागता येतो. गंमत अशी की या कायद्याखाली माझ्याकडे येतात त्यातले बहुतेक मुलं असलेलेच असतात.

सडेतोड

कायदा कळला. पण रात्री ताप आला तर कायदा पेज करून देत नाही.

निवृत्त मास्तरीण

पेज मी करून देते, मडगावला या.

६८ वय माझं. मुलं नाहीत. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. आमचंही ठरवलेलंच, पण आमच्या वेळी 'ठरवलं' असं म्हणायची सोय नव्हती, लोक 'होत नाही' असं समजायचे आणि आम्ही समजू द्यायचो. १९८५ च्या सुमारास सासूबाईंनी देवळात प्रसाद लावला. देवीच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या लावतात आणि उजवी पडली की होकार. मी हात जोडून शेजारी उभी. गुरव गाऱ्हाणं म्हणतायत, अर्धा तास काही हलेना, आणि मग टपकन उजवी पडली. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. देवीचा कौल उजवा, आमचा डावा. सासूबाई पुढे पंधरा वर्षं देवीवर रुसून होत्या, माझ्यावर नाही. खरं सांगायला हवं होतं त्यांना. ते राहिलं.

मैत्रिणींबद्दल विचारलंस. माझ्या तर सगळ्याच गेल्या होत्या. शाळेत स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत पोरांचीच बोलणी. मी वह्या तपासायचे. पण वाढदिवसाला सगळ्यांच्या पोरांना नारळाच्या वड्या नेऊन द्यायचे. प्रेम म्हणशील तर तसं नव्हतं ग. त्यांच्या घरात शिरायला दुसरं निमित्त नव्हतं. पोरं मला 'वडी मावशी' म्हणायची. त्यातली एक आता पुण्याला, एक कॅनडात, दोघं पोर्तुगालला. पन्नाशी उलटली तशा मैत्रिणी एकेक करून परत आल्या. पूर्वीसारखं झालं असं नाही, मधली वीस वर्षं नाहीतच ना आमच्याकडे. त्यांच्या गोष्टीतली अर्धी माणसं मला माहीत नसतात. गेल्या वर्षी एकीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत मी होते, नाव विचारलं तेव्हा नातं काय लिहायचं म्हणून नर्स थांबली. मी म्हटलं, लिही मास्तरीण.

आणि हो, मलाही ताप येतो. तेव्हा त्यांच्यातली कोणीतरी येते. कधी येत नाही. मग मी पॅरासिटामॉल घेऊन झोपते. मुलं असलेल्या माझ्या शेजारणीही तेच करतात.

खुबे-तिसऱ्या

वडी मावशी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा.

फेरीबोट

महिन्याने लिहितेय. वेळ लागला कारण सांगण्यासारखं काही नव्हतं आणि आता थोडं आहे.

आधी मी दीडला फोन केला. पहिले दोन दिवस तिने उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि म्हणाली, "तू दुपारी? कोण गेलं?" मग तासभर बोललो. घड्या घालतच होती. मी तिला सरळ सांगितलं की मला तुझी आठवण येते, आणि त्याचा अर्थ मला मूल हवं असा काढलास तर फोन ठेवीन. ती म्हणाली, "मला मूल आहे, तरी तुझी आठवण येतेच की." मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. एवढं वाटत होतं तर जूनपासून एक मेसेज करायचास. तेही बोलले. म्हणाली, "तू खंड्याचे फोटो टाकायचीस. मला वाटायचं तुझं मस्त चाललंय."

गेल्या रविवारी सात वाजता ती, बाळ आणि मी रायबंदरच्या धक्क्यावर. बाळ छातीला बांधलेलं, घरापासून रडत आलेलं. तिचं ठरलं होतं की पलीकडे उतरून दहा मिनिटं चालायचं आणि परत. फेरी सुटली, इंजिनाची धडधड पायांतून वर यायला लागली आणि बाळ गप्प. मांडवीच्या मध्यावर पोचेपर्यंत गाढ झोप. चोडणला फेरी लागली, इंजिन मंदावलं, फळी पडली, दुचाक्या उतरल्या, आणि ते हुं हुं करायला लागलं. आम्ही उतरलोच नाही. परत रायबंदर. परत चोडण. तिसऱ्या खेपेला फेरीवरच्या माणसाने विचारलं, "देंवचें ना?" (उतरायचं नाही?) तिने तोंडावर बोट ठेवून बाळाकडे दाखवलं. तो मान हलवून गेला आणि पुढच्या वेळी फळी टाकताना जरा हळू टाकली, असं मला तरी वाटलं.

पाच खेपा झाल्या. चालणं झालं नाही, पक्षी दिसले ते कठड्यावरून, दोन बगळे आणि एक घार. चौथ्या खेपेला तीही बसल्या बसल्या झोपली, माझ्या खांद्यावर. मी तशीच बसले, पायाला मुंग्या आल्या तरी. बन मी परत येताना बांधून घेतले, ते गाडीत खाल्ले. पातळ भाजी तिच्या दुपट्यावर सांडली.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, तिकीट लागलं नाही ना, मग जा रोज.

नोव्हेंबरच्या नोंदणीत माझंही नाव टाक असं ती स्वतःहून म्हणालीय. एक तरी सिनेमा बघेन म्हणते.

दोघांची आई

सकाळी नऊचा बघा. त्या वेळी झोपतात. आणि दाराजवळची खुर्ची.